एकशे ऐंशी पावलं, उलट-सुलट

सरळ चालायला माणूस वर्षा-सव्वावर्षात शिकतो आणि त्यानंतर जन्मभर त्याचं कुणी कौतुक करत नाही. उलटं चालायला मात्र दोन वर्षं लागतात. निदान दोर वळायच्या त्या शेडमध्ये तरी लागायची, आणि तिथल्या लोकांना या गोष्टीचा भलता अभिमान होता.

शेड म्हणजे पत्र्याच्या छपराखालची नुसती लांबी. रुंदीला आठ पावलं, लांबीला एकशे ऐंशी. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला भिंतीत रोवलेला जाड आकडा, आणि मधल्या जमिनीवर इतक्या वर्षांच्या चपलांनी पाडलेली गुळगुळीत वाट. सूत काढायचं तर कमरेभोवती तागाचा पुंजका गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाला अडकवायचं आणि चाक फिरू लागलं की बोटांमधून ताग सोडत, चाकाकडे तोंड ठेवून मागे मागे जायचं. मान वळवून पाहायचं नाही. नजर बोटांवर, पाय आपले आपण. नजर हलली की सूत कुठे सुतळीएवढं जाड, तर कुठे केसाएवढं बारीक. नवशिके पहिल्या आठवड्यात भिंतीला धडकायचे, दुसऱ्या आठवड्यात एकमेकांना.

पीळताई हे काम शिकायला आली तेव्हा सोळा वर्षांची होती. हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. थोरल्या मालकांनी तिला तीनदा परत पाठवलं होतं, बायकांच्या कमरेला एवढा ताग पेलणार नाही म्हणून. चौथ्या दिवशीही ती दारात हजर पाहून ते म्हणाले, "सुंभ जळेल, पण हिचा पीळ काही जायचा नाही. घ्या हिला आत." तेव्हापासून ती पीळताई. त्याला सत्तावीस वर्षं झाली. थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा मालक झाला. त्याने आणि तिने एकाच महिन्यात काम शिकायला घेतलं होतं. तिला दीड वर्षात उलटं चालणं जमलं. त्याला कधीच जमलं नाही. दोनदा आपटला, तिसऱ्यांदा मनगट मोडून घेतलं आणि जो ऑफिसात जाऊन बसला तो बसलाच. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सूत काढणं हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे दोर वळणं. सुतांचे तीन पेड करायचे, ते चाकाकडच्या तीन आकड्यांना लावायचे, पलीकडे तिन्ही एकाच आकड्यात गुंतवायचे आणि मधे घालायचा तीन खाचांचा एक लाकडी गोळा. त्याला भोवरा म्हणत, कारण आकार तसा. बाकी तो बिचारा कधी फिरायचा नाही, फिरायचे ते पेड. हा भोवरा धरून पलीकडच्या टोकापासून चाकाकडे सरळ चालत यायचं, आणि पाठीमागे तीन पेडांचा एक दोर होत जायचा. पाय एका चालीत पडले की दोर एकसारखा. घाई केली की ढिला, रेंगाळलं की ताठर, आणि मधेच थांबलं तर त्या जागी पीळ साचून वेटोळं बसतं आणि सगळा दोर फुकट. हे काम एकटी पीळताई करायची. बाकीच्यांना अगदीच येत नव्हतं असं नाही, पण तिने वळलेला दोर डोळे मिटून हातात घेतला तरी चाकवाले काका ओळखायचे. काका पस्तीस वर्षं चाक फिरवत होते. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे तेही बहुतेक चाकाशी.

त्या वर्षी शेडमधल्या एकाला गंजका आकडा लागला आणि धनुर्वाताने तो मरता मरता वाचला. मालकाने धसका घेतला आणि सगळ्यांना लस टोचून घ्यायचं ठरवलं. दवाखान्यातून दोन नर्स आल्या. त्यातली एक पीळताईची सख्खी नणंद.

"वहिनी, हात ढिला सोडा. दंड आहे हा, दोर नाही."

"तू टोच गं मुकाट्याने. मला काय शिकवतेस?"

रांगेतले सगळे हसले. संध्याकाळी तिचा दंड ठणकला, ताप आला, दुसरा दिवस अंगदुखीत गेला. एवढं आणखी चार-पाच जणांना झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगावरून उठली आणि उजवा पाय उठलाच नाही. पाय जागेवर होता, चिमटा काढला तर कळत होता, जरासा बधिर वाटत होता इतकंच. पण टाकायला जावं तर जमिनीला चिकटून मागे राहायचा आणि ओढला की घासत यायचा. न्हाणीघराच्या दारात ती पडली. पुढे लोक तिला धीराची, वाघीण वगैरे म्हणू लागले, म्हणून सांगून ठेवायला हवं: त्या दिवशी ती इतकी घाबरली होती की तिचे दात वाजत होते.

इस्पितळात चार दिवस गेले. रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला, मणक्याचा काढला. पाचव्या दिवशी एक तरणाबांड डॉक्टर कागद चाळत म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"मग पाय का उचलत नाही?"

"टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

काहीही झालेलं नाही, हे ऐकून घरी यायला तिला काठी लागली.

घरी वेगळंच रामायण. नवरा टपाल वाटायचा. स्वभावाने गरीब माणूस, पण घाबरला की आधी ओरडायचा. बहीण दारात आली तेव्हा त्याने तिला आतसुद्धा घेतलं नाही. "तूच टोचलंस ना? आता बघ काय केलंस ते," म्हणाला. ती उंबऱ्यावरूनच परत गेली. वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र आत आल्या, हळहळल्या आणि पीळताई पाणी आणायला पाय ओढत स्वयंपाकघरात निघाली तेव्हा त्यांनी फोन काढून तिची चाल टिपून घेतली. संध्याकाळपर्यंत ती गल्लीभर झाली होती. खाली लिहिलेलं, 'लसीने पांगळी केली.' तोंड पीळताईचं, मत काकूंचं. नणंद जिथे काम करायची त्या दवाखान्यात लोक आपली मुलं उचलून दुसऱ्या नर्सकडे नेऊ लागले.

पाचव्या आठवड्यात पीळताईला घर खायला उठलं. नुसतं बसून यायचं म्हणून ती काठी टेकत शेडमध्ये गेली. चार माणसं धावली, कुणी खुर्ची दिली. ती बसली आणि समोर एक नवशिकी सूत काढत होती ते पाहत राहिली. सूत इतकं वाईट निघत होतं की तिला ते बघवेना. "अगं, आण इकडे," म्हणून तिने ताग कमरेला गुंडाळला. उभ्या उभ्या दोन हात सूत काढून दाखवावं, एवढाच विचार होता. काकांनी चाक फिरवलं, बोटं चालू झाली आणि पाय निघाले.

दोन्ही निघाले. मागे मागे, एकामागून एक, सत्तावीस वर्षं पडत होते तसे. वीस पावलं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, तरीही ते पडतच राहिले. एकशे ऐंशीव्या पावलाला तिची पाठ भिंतीला लागली आणि ती तिथेच रडू लागली, आनंदाने. मग काठी दूर होती म्हणून तशीच पुढे निघाली, आणि पहिल्याच पावलाला उजवा पाय पुन्हा जमिनीला चिकटला. भिंतीला धरून, पाय फरफटत ती यायला लागली.

शेडमध्ये कुणी पुढे धावलं नाही या खेपेला. सगळ्यांनी पाहिलं होतं. उलटं चालणं किती कठीण आहे हे या लोकांना जितकं माहीत होतं तितकं जगात कुणाला नसेल, आणि म्हणूनच त्यांची चूक झाली. जे कठीण ते ही सहज करते आणि जे शेंबडं पोर करतं ते हिला जमत नाही? दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या लोकांनी कदाचित नुसतं नवल केलं असतं. इथे निकाल लागला.

मालक ऑफिसच्या दारात उभा होता. मोडक्या मनगटाचा मालक.

"उलटं चालतेस पाण्यासारखी आणि सरळ चालताना पाय ओढतेस," तो म्हणाला. "आम्ही काय दूधखुळे आहोत? सुट्टी हवी होती तर मागायचीस. माझ्या शेडमध्ये लस टोचली म्हणून गावभर माझी बदनामी कशाला केलीस?"

"मालक, मी काही केलेलं नाही."

"पायाकडे बघून सांग."

तिने पायाकडे पाहिलं. तोच प्रश्न तिला स्वतःला पडला होता. मी नाटक करते का? मलाच कळू न देता मी नाटक करते का? पडण्यापेक्षा, काठीपेक्षा, काकूंच्या फोनपेक्षा हा विचार वाईट होता. दोन दिवसांनी शेडमधल्याच कुणीतरी काढलेलं दुसरं चित्रण गल्लीत फिरलं. 'पांगळी? बघा कशी चालते!' एकाच पायाला महिन्याभरात दोन साक्षीदार मिळाले आणि दोघेही खोटे. मालकाने निरोप पाठवला की बरी झालीस की ये, गुंडाळ्या करायच्या टेबलावर बसवतो. भोवरा आता दुसऱ्याला शिकवू.

नणंद पुन्हा आली ती भाऊ कामावर गेल्याचं पाहून. तिने दुसरं चित्रण पाहिलं होतं.

"वहिनी, खरं सांगा. उलटं चालता येतं?"

"येतं. आता तूही म्हण, नाटकी आहे."

"मी काय म्हणते ते राहू द्या. चला माझ्याबरोबर. एक मेंदूच्या डॉक्टरीण बाई आहेत. त्यांना हे असंच्या असं चालून दाखवायचं, लपवायचं काही नाही."

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, पायांत कापडी बूट. त्यांनी तिला बोळातून सरळ चालवलं, उलटं चालवलं, मग झोपवलं. तिच्या उजव्या टाचेखाली आपला तळहात ठेवला.

"टाच खाली दाबा. जोर लावून."

पीळताईने दात-ओठ खाल्ले. टाच ढिम्म.

"आता उजव्या पायाचा विचार सोडा. डावा वर उचला, मी वरून अडवते. उचला, अजून उचला." आणि त्या नणंदेकडे वळल्या. "सिस्टर, तुम्ही हिच्या उजव्या टाचेखाली हात ठेवा."

नणंदेने हात ठेवला आणि तिचे डोळे विस्फारले. "वहिनी, दाबतंय! चांगलंच दाबतंय!"

"म्हणजे मी नाटक करते," पीळताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"उलट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाटक करणारी बाई माझ्यासमोर उलटं चालून दाखवायला येते का? तुमचा आजार खरा आहे, त्याला नाव आहे. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर. नस तुटलेली नाही, स्नायू गेलेला नाही. तुम्ही लक्ष देऊन हुकूम सोडला की तो अडतो. लक्ष दुसरीकडे असलं, किंवा काम सवयीचं असलं, की तोच हुकूम बरोबर पोचतो. घरी कोण कोण आहे?"

"नवरा. टपाल वाटतो."

"मग त्यांना सांगा, रस्ता शाबूत आहे, टपाल अडकतंय."

नणंदेने खाली बघत विचारलं, "माझ्या सुईमुळे झालं का हे?"

"सुईनंतर झालं, हे मी कागदावर लिहिणार. लसीतल्या औषधाने नस बिघडवली, हे लिहिणार नाही, कारण नस बिघडलेलीच नाही. असं ताप आल्यावर होतं, पडल्यावर होतं, दात काढल्यावर झालेलं मी पाहिलंय. दंड दुखतोय, ताप आहे, मनात धास्ती आहे, शरीरावर सगळं लक्ष एकवटलंय, अशात एखाद्याचा मेंदू चुकीची सवय लावून घेतो. सगळ्यांचा का नाही आणि यांचाच का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही."

"बरी होईन?" पीळताईने विचारलं.

"बरेच लोक होतात. काही पूर्ण, काही अर्धे. फुकटात कुणी होत नाही. सराव करावा लागतो."

सराव. हा शब्द तिला समजला. महिनाभरात पहिल्यांदाच तिच्या ओळखीचं काही कानावर पडलं होतं. बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि नणंदेचा हात धरून म्हणाली, "उलटं चालायला दीड वर्ष लागलं होतं मला. सुलट्याला दोन देते. पण भोवरा मी दुसऱ्याच्या हातात जाऊ देणार नाही. आणि खोटारडी म्हणून तर त्या शेडमधून मुळीच निघणार नाही."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नियम घालून दिले. पायाकडे बघायचं नाही. दहा पावलं उलट, न थांबता वळायचं, जमतील तेवढी सुलट. पहिल्या दिवशी जमलं एक. आठवड्याने तीन. बोळात भिंतीला दोन्ही खांदे घासत ती रोज तासभर चालायची. नवऱ्याला रस्ता-टपालाची गोष्ट बरोबर कळली. तो बहिणीच्या घरी जाऊन कान धरून आला आणि मग बायकोच्या शेजारून चालत तिला पत्ते विचारू लागला. "तिसऱ्या गल्लीतला शिंपी?" "चौदा." "त्याच्या वरचा मास्तर?" "चौदा अ. पत्र कमी, मासिकं जास्त." उत्तराच्या नादात पाय उचलायचा. तीन महिन्यांत अशी वेळ आली की तो आजारी पडला असता तर तिने त्याचं टपाल बिनचूक वाटलं असतं, फक्त सावकाश.

सगळंच काही चढत्या भाजणीने झालं नाही. एकदा सलग चाळीस पावलं चालली आणि दुसऱ्या दिवशी दोन. त्या दिवशी तिने काठी फेकून मारली, भिंतीचा पोपडा निघाला, आणि नवऱ्याने काठी उचलून तिच्या हातात दिली. चौथ्या महिन्यात लसीची राहिलेली दुसरी सुई घ्यायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून निर्णय तिच्यावर सोडला. नणंद म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून घ्या, वहिनी. माझा हात कापेल."

"आकड्यांमध्ये काम करायचंय मला, सुई घेणारच. आणि तुझ्याकडूनच घेणार, दवाखान्यात, रांगेत सगळ्यांसमोर."

घेतली. दंड दुखला, पाय दोन दिवस पुन्हा फरफटला, तिसऱ्या दिवशी ती बोळात उभी राहिली आणि दहा पावलं उलट निघाली. वरच्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, पुन्हा घेतलीस? आम्ही तर तुझ्याच बाजूने बोलत होतो."

"काकू, माझ्या बाजूने बोलायचं तर आधी मला विचारायचं," ती म्हणाली आणि कठडा धरून खाली उतरली.

सातव्या महिन्यात ती काठीशिवाय शेडमध्ये गेली. पाय किंचित ओढत होता, पण चालत होता. त्याच आठवड्यात शिडाच्या होडीवर मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेने हाताने वळलेला जाड दोर मागवला होता. त्या दोराला धरून मुलं डोलकाठीवर चढणार होती. मालकाने दोघांकडून वळून घेतला होता आणि दोन्ही दोर त्याने स्वतःच बाद केले होते. धंद्याच्या बाबतीत माणूस खरा होता, हे म्हणायलाच हवं.

"मी वळते," पीळताई म्हणाली.

"सरळ चालता येतं का?"

"तुम्ही उभे राहा आणि बघा. दोरात खोट निघाली तर उद्यापासून आपण होऊन गुंडाळीच्या टेबलावर बसेन. पुन्हा भोवऱ्याचं नाव काढणार नाही."

मालकाने काकांकडे पाहिलं. काका चाकाला म्हणाले, "वळू दे की."

पेड लागले. पलीकडच्या टोकाला जाऊन तिने भोवरा खाचांत बसवला, दोन्ही हातांनी धरला. चाकापाशी काका, काकांच्या मागे मालक आणि शेडमधली सगळी माणसं. चाक फिरलं, पेड पिळले गेले, भोवऱ्याने हाताला धक्का दिला आणि ती निघाली.

तिने पायांकडे पाहिलं नाही. हातातल्या धक्क्याकडे लक्ष ठेवलं. पन्नास पावलं गेली. ऐंशी गेली. भोवरा तिच्या चालीने येत होता, तिची चाल चाकाच्या चालीने. शंभर झाली. तेव्हा तिला समोर मालकाचा चेहरा स्पष्ट दिसू लागला आणि तिच्या मनात आलं, की तो माझ्या पायाकडे बघतोय. एवढं पुरलं. तिचंही लक्ष पायाकडे गेलं. एकशे चौथ्या पावलाला उजवा पाय जमिनीला चिकटला.

भोवरा रेटत होता. थांबली तर वेटोळं बसणार होतं. विचार करायला सवड नव्हती आणि तिने केलाही नाही. भोवऱ्यावरची पकड न सोडता ती डाव्या पायावर गिरकी घेऊन फिरली, चाकाकडे पाठ केली आणि मागे मागे चालू लागली. चिकटलेला पाय सुटला, मुकाट पडू लागला.

भोवरा धरून उलटं कुणी कधी चाललं नव्हतं. काकांना पस्तीस वर्षं जिथे वळणाऱ्याचं तोंड दिसायचं तिथे पाठ दिसली. मालक ओरडला, "थांबवा!" काकांनी ऐकलं नाही. चाक होतं त्याच चालीने फिरवत राहिले. आणि पीळताईला, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, आपण वळत असलेला दोर समोरून दिसला. आजवर तो पाठीमागे व्हायचा. आता तीन पेड भोवऱ्याच्या खाचांतून निघून एकमेकांवर बसताना ती पाहत होती, पीळ ताठ होतोय की ढिला हे बघून पावलं सावरत होती. उरलेली शहात्तर पावलं तिने अशी पार केली. पाठ चाकाच्या चौकटीला टेकली तेव्हा काकांनी चाक थांबवलं.

मालक पुढे आला. दोर ताणून बांधून घेतला आणि एका टोकापासून हात फिरवत निघाला. वडिलांना त्याला चालणं शिकवता आलं नव्हतं, पण हात त्यांनी शिकवला होता. दहा-दहा पावलांवर तो थांबायचा, वितीत पीळ मोजायचा, पुढे जायचा. सगळी माणसं त्याच्या मागून. शेवटच्या टोकाला पोचून त्याने हात झटकला.

"खोट नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "कुठे फिरलीस तेही सापडत नाही."

लोकांनी श्वास सोडला. कुणी हसलंसुद्धा. एवढ्यावर मिटलं असतं. पीळताईने तोंड उघडलं नसतं तर गोष्ट तिथेच संपली असती आणि तिचं काम तिला मिळालं असतं.

"थांबा," ती म्हणाली. ती दोराच्या कडेने चालत गेली. पाय ओढत होता आणि या वेळी तिने तो लपवायचा प्रयत्न केला नाही. बरोबर एकशे चौथ्या पावलापाशी तिने दोरावर बोट ठेवलं. "इथे माझा पाय अडकला. इथे मी फिरले. वरून बरा दिसतोय, पण याला पोरं लटकणार आहेत. आतून उघडून बघा."

मालकाने टोच्या, म्हणजे पेड फाकवायची टोकदार खुंटी, आणवला, दोराचे पेड त्या जागी फाकवले आणि वाकून आत पाहिलं. एक एक पेड बोटाने चाचपला. तो बराच वेळ वाकलेला होता. टोच्या काढल्यावर पेड आपोआप एकमेकांवर घट्ट बसले.

"आतूनही चांगलाय," तो म्हणाला. तो उभा राहिला पण मान वर झाली नाही. "सांगितलं नसतंस तर मला जन्मात कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

मालकाला समजलं. दोराचं नव्हे, पायाचं. सहा महिन्यांपूर्वी त्याने तिला पायाकडे बघून सांगायला लावलं होतं, ते त्याला आठवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले आणि तो डाव्या हाताने उजवं मनगट चोळू लागला. "मी सगळ्यांसमोर बोललो होतो," तो म्हणाला. "चुकलो, तेही सगळ्यांसमोरच सांगतो. नाटक नव्हतं ते." पीळताईला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. पण नुसतं हलकं वाटलं, कमरेचा ताग सोडून ठेवल्यावर वाटतं तसं.

काकांनी चाकावरून हात फिरवला. "उद्यापासून भोवरा उलटाच धरायचा का मग?" त्यांनी चाकालाच विचारलं. "दोर दिसतो तरी."

सुट्टीची घंटा झाली तशी माणसं निघाली. पीळताई सगळ्यांच्या मागे. दिवसभर चालून पाय दमला होता, फाटकापर्यंतच्या वाटेवर तो पुन्हा घासू लागला. मालक पुढे होता. त्याने आवाज ऐकला, वळून पाहिलं, आणि फाटकाचा जड पल्ला ढकलून तो धरून उभा राहिला. ये म्हणाला नाही, घाई केली नाही, पायाकडे पाहिलं नाही. ती एक एक पाऊल टाकत पोचली आणि फाटकातून बाहेर पडली, तेव्हाच त्याने पल्ला सोडला.